गोष्ट एकदा छापली म्हणजे विकली गेली काय?

गेल्या हिवाळ्यात चारबागच्या आमच्या युनियन ऑफिसात एक निवृत्त गार्डसाहेब आले. मूळचे भुसावळचे, पण नोकरी सारी लखनौ डिव्हिजनमध्ये गेली. हातात एक पत्र आणि चेहरा असा, की जणू चार्जशीटच हातात पडली आहे. आम्ही विचारले, "पेन्शनचा घोळ आहे काय?" ते म्हणाले, "नाही हो, गोष्टीचा आहे."

धुक्याच्या रात्री रुळावर फटाके लावणाऱ्या फॉगमनवर त्यांनी एक गोष्ट लिहिली होती. येथल्या एका हिंदी दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत ती छापून आली. पाचशे रुपये मानधन मिळाले. पुढे तीच गोष्ट त्यांनी स्वतः मराठीत लिहून एका दिवाळी अंकाला दिली. त्यावर दैनिकाचे पत्र आले : गोष्ट आमच्या मालकीची आहे, तुम्ही ती परस्पर दुसऱ्याला विकली, खुलासा करा. गार्डसाहेब घाबरून पाचशे रुपये परत करायला निघाले होते.

आम्ही दोनच प्रश्न विचारले. "तुम्ही त्यांच्या पगारावर होता काय?" नाही. "कोणत्या कागदावर सही केली होती काय?" नाही. मग खुलासा कोणी कोणाकडे मागायचा?

आम्ही मॅट्रिक शिकलेले. कायद्याची पुस्तके उघडायला शिकलो ती कर्मचाऱ्यांच्या शिस्तभंगाच्या केसेस लढताना. पण १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत इतका सरळ आहे, की त्याला वकील लागू नये. कलम १७ म्हणते, लेखनाचा पहिला मालक लेखक. वर्तमानपत्राच्या नोकरीत राहून त्याच्यासाठी लिहिले, तर आणि वेगळा करार नसेल तर, नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा होतो. पण तेथेही बाकीचे हक्क, म्हणजे पुस्तकाचे वगैरे, लेखकाकडेच राहतात. जो नोकर नाही, त्याच्या बाबतीत तर प्रश्नच नाही.

कलम १९ म्हणते, हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी हवे आणि सही हवी. कोणती कृती, कोणता हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, हे त्यात असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षे धरायची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता, ही सोय १९९४ च्या दुरुस्तीने झाली. शिवाय भाषांतराचा हक्क वेगळा, सिनेमाचा वेगळा. एकातून दुसरा आपोआप जात नाही. म्हणजे पाचशे रुपयांत त्या दैनिकाला मिळाले काय? गोष्ट एकदा छापण्याची परवानगी. गोष्ट नव्हे.

आमच्या रेल्वेवाल्यांना हे ब्लॉक सेक्शनवरून चटकन समजेल. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर आल्याशिवाय दुसरी सोडायची नाही. पण पहिली गाडी निघून गेली म्हणून रूळ तिच्या मालकीचा होतो काय? ब्लॉक मोकळा झाला की दुसरी येते, मग तिसरी येते. गोष्टीचेही तेच. पहिल्यांदा छापण्याचा मान एकाला. तो अंक निघाला की दुसऱ्या भाषेचा, दुसऱ्या गावचा, पुस्तकाचा, आकाशवाणीचा रस्ता मोकळा.

याच नियमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण हक्क सांगणाऱ्याने कर्तव्य लपवू नये. न सांगता एकच अप्रकाशित गोष्ट दोन संपादकांकडे पाठवणे म्हणजे एका ब्लॉकमध्ये दोन गाड्या घालणे. दिवाळी अंकाचा संपादक महिनोन् महिने खपून अंक लावतो. शेजारच्या अंकात तीच गोष्ट दिसली तर त्याची फसवणूक होते. आधी कोठे छापले आहे, हे पत्रातच लिहावे. हे आम्ही गार्डसाहेबांनाही विचारले. त्यांनी दिवाळी अंकाला तसे कळवले होते. म्हणूनच आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहिलो.

आणि एक गोष्ट अनेक ठिकाणी देण्यात लाज कसली? आमच्याच लखनौचे उदाहरण घ्या. मुन्शी प्रेमचंदांनी आयुष्यभर हिंदी आणि उर्दू दोन्हींत लिहिले. पुष्कळ गोष्टी एका भाषेतून दुसरीत स्वतःच नेल्या. लखनौच्या नवाबीवरची 'शतरंज के खिलाड़ी' १९२४ ची. उर्दूत ती 'शतरंज की बाज़ी' झाली आणि १९७७ मध्ये सत्यजित राय यांनी तिच्यावर सिनेमा काढला. येथील नवल किशोर प्रेसच्या 'माधुरी' मासिकाचे संपादनही प्रेमचंदांनी काही वर्षे केले. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू त्यांना ठाऊक होत्या. एप्रिल १९३६ मध्ये प्रगतिशील लेखकांचे पहिले अधिवेशन याच शहरात त्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. लेखकांनी संघटित व्हावे हा विचार लखनौला नवा नाही.

कोणी म्हणेल, कायदा आहे तर संघटना कशाला? याचे उत्तर अमेरिकेत मिळते. तेथे बिगरनोकरीच्या लेखकांची नॅशनल रायटर्स युनियन मोटार कामगारांच्या युनियनला जोडलेली होती. छापील अंकासाठी घेतलेले लेख वृत्तपत्रांनी न विचारता संगणकावरच्या संग्रहांत घातले, म्हणून युनियनचे अध्यक्ष जोनाथन टासिनी आणि इतर लेखक कोर्टात गेले. जून २००१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यू यॉर्क टाइम्सच्या विरुद्ध सात विरुद्ध दोन मतांनी लेखकांचा हक्क मान्य केला. पण मालक गप्प बसत नाहीत. 'सर्व हक्क आमचे' असे छापील करार लेखकांपुढे येऊ लागले. सही करा, नाहीतर लेख परत न्या. एकटा लेखक अशा कागदापुढे काय करणार? रोजंदारीवरच्या गँगमनला आम्ही चाळीस वर्षांपूर्वी पाहिले, तीच त्याची अवस्था. कोर्टातला विजय टिकवायला बाहेर माणसे उभी असावी लागतात.

आज तर छापील पान, ई-पेपर, मोबाइल, ध्वनिमुद्रित पुस्तक असे रस्ते वाढले आहेत आणि मोबदला मात्र बहुधा एकाच रस्त्याचा मिळतो. म्हणून आमचे लिहिणाऱ्या बांधवांना सांगणे आहे : सही करण्यापूर्वी वाचा. 'कायमचे' आणि 'सर्व माध्यमे' हे शब्द दिसले तर पेन खाली ठेवा आणि विचारा. लेखासोबत एक ओळ लिहा, 'फक्त एका अंकात प्रथम प्रकाशनासाठी'. त्या पत्राची प्रत जपून ठेवा.

आता घरचे. आमच्या युनियनचे पत्रकसुद्धा इकडून तिकडून कविता, गोष्टी उचलते. कधी नाव घालते, कधी तेही राहते. मानधनाचा तर विषयच नाही. 'चळवळीचे काम आहे' असे म्हणून आम्हीही हे चालवून घेतले. मालकाने ओव्हरटाइम बुडवला तर गेटवर घोषणा देणारे आपण, लेखकाचा ओव्हरटाइम आपणच बुडवतो. हे थांबले पाहिजे. पुढच्या कार्यकारिणीत आम्ही ठराव मांडणार आहोत : विचारल्याशिवाय काही छापायचे नाही, नाव वगळायचे नाही, थोडे का होईना मानधन द्यायचे आणि प्रत्येक लेखाखाली 'हक्क लेखकाकडे' असे छापायचे. फेडरेशनच्या इतर पत्रांनीही याचा विचार करावा.

गार्डसाहेबांनी पाचशे रुपये परत केले नाहीत. आम्ही मिळून चार ओळींचे उत्तर लिहिले : सही केलेला करार असेल तर प्रत पाठवावी. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले. अजून प्रत आलेली नाही. ते आता दुसरी गोष्ट लिहीत आहेत.