‘नाही’ आणि ‘वाचता आलं नाही’

"तू नेमकं काय करून राहिला?" हा बल्लारपूरच्या नातेवाईक मंडळींचा मला नेहमीचा प्रश्न. "कॉम्प्युटरचं काम" एवढ्या उत्तराने कुणाचं समाधान होत नाही हे आता कळून चुकलंय. म्हणून आज सगळ्यांना एकदाच सांगून टाकतो, आणि सांगता सांगता एका बाबतीत माझं जे ठाम मत झालंय तेही मांडतो. तांत्रिक शब्द येतील, तेवढे सांभाळून घ्या.

पोलीस कॉम्प्युटर जप्त करतात तेव्हा सगळ्यांचं लक्ष हार्ड डिस्ककडे असतं. पण मशीन चालू असताना खरं काय घडतंय ते रॅममध्ये असतं. कोणते प्रोग्रॅम चालू आहेत, मशीन कुठे जोडलेलं आहे, कुलूपबंद फायलींच्या किल्ल्या काय आहेत, हे सगळं तिथे. काही घुसखोर प्रोग्रॅम तर डिस्कवर उमटतच नाहीत. वीज गेली की सगळं गायब! म्हणून चालू मशीनच्या रॅमची नक्कल एका फाईलमध्ये उतरवून घेतात आणि मग निवांत तपासतात. याला म्हणतात मेमरी फोरेन्सिक्स. जगभर यासाठी २००७ पासूनचं ‘व्होलॅटिलिटी’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर वापरतात. आपल्याकडे सी-डॅकच्या तिरुअनंतपुरम केंद्राने चालू मशीनच्या तपासासाठी ‘विन-लिफ्ट’ तयार केलं आहे.

आता माझा भाग. ही नक्कल पुस्तकासारखी पहिल्या पानापासून वाचता येत नाही. रॅममध्ये सहसा ४०९६ बाइटचं एक पान असतं. प्रोग्रॅमला वाटतं आपली पानं ओळीने लावलेली आहेत, प्रत्यक्षात ती सगळीकडे विखुरलेली. कुठलं पान कुठे आहे याची कोष्टकं रॅममध्येच असतात, आणि आजच्या मशीनवर एक पत्ता शोधायला बहुधा चार कोष्टकं ओलांडावी लागतात. शिवाय नक्कलही कधी साधी, कधी क्रॅश डंपच्या रूपात, तर कधी विंडोजच्या हायबरनेशन फाईलमध्ये दाबून बसवलेली.

म्हणून थर बांधतात. सगळ्यात खालचा थर फाईल वाचतो, मधला ती उलगडून खऱ्या रॅमचे पत्ते देतो, त्यावरचा कोष्टकं ओलांडून प्रोग्रॅमचे पत्ते देतो. वर बसलेल्या तपासनिसाच्या प्रोग्रॅमने फक्त म्हणायचं, "या पत्त्यावरचे इतके बाइट दे." खालच्या भानगडी त्याला ठाऊक नसतात. हे थर म्हणजे डेटा अॅक्सेस लेयर, आणि ते बांधणं हे माझं काम. (हुश्श!)

प्रश्न येतो तो मागितलेलं पान नसतं तेव्हा. ते रॅममधून डिस्कवरच्या पेजफाईलमध्ये गेलेलं असतं, किंवा नक्कल उतरत असताना मशीन चालूच असल्यामुळे कोष्टक आधीच्या क्षणाचं आणि पान नंतरच्या क्षणाचं मिळतं. अशा वेळी थराने काय उत्तर द्यावं? एक, "वाचता आलं नाही" असं सांगावं. दोन, त्या जागी शून्यं भरून द्यावीत.

दुसरा मार्ग सोयीचा. वरचा प्रोग्रॅम अडखळत नाही, अहवाल झटपट येतो. पण शून्य म्हणजे ‘माहीत नाही’ नव्हे हो! रॅममध्ये खरीखुरी शून्यांची पानं भरपूर असतात, कारण विंडोज मोकळी झालेली पानं दुसऱ्या कुणाला देण्याआधी शून्यांनी धुऊन ठेवतं. एकदा भर घातली की खरं शून्य कोणतं आणि आपण घातलेलं कोणतं हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आमच्या भागातल्या लोकांना हे पटकन कळेल. वर्धा खोऱ्यात कोळसा शोधताना बोअर मारून दगडाची कांडी वर काढतात आणि पेटीत ओळीने मांडतात. मऊ थर कधी भुगा होऊन पाण्याबरोबर निघून जातो. १ मीटर खोदलं आणि ७० सेंटीमीटरच हाती आलं, तर तिथे लाकडाचा ठोकळा ठेवून ३० सेंटीमीटर गेले असं लिहितात. शेजारचा दगड उचलून ती जागा कुणी भरत नाही. भरली तर पेटी छान दिसेल, पण खाण भलत्याच ठिकाणी खणली जाईल.

लिनक्ससाठीचं ‘लाइम’ हे नक्कल घेणारं साधन पाहा. त्यात रॅमच्या तुकड्यांमधल्या मोकळ्या जागा शून्यांनी भरण्याची एक सोय आहे. आणि प्रत्येक तुकड्यावर त्याचा पत्ता लिहिणारीही एक आहे. माझं मत अर्थातच दुसरीच्या बाजूने. व्होलॅटिलिटीच्या तिसऱ्या आवृत्तीतही पान मिळालं नाही तर आधी चूक दाखवली जाते, शून्यं हवी असतील तर तसं मुद्दाम मागावं लागतं. हे मला फार योग्य वाटतं.

"पण हॅश असतो ना?" असं कुणी म्हणेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश लिहायचा असतो. चांगलंच आहे. पण हॅश एवढंच सांगतो की फाईल तेव्हापासून बदललेली नाही. भरलेल्या शून्यांवरही तो तितक्याच इमानाने शिक्का मारतो. आणि रॅमची नक्कल पुन्हा घेऊन ताडूनही पाहता येत नाही, कारण दोन मिनिटांनी रॅमच वेगळी झालेली असते.

हे सगळं किती गंभीर आहे ते भीमा कोरेगाव प्रकरणात दिसलं. रोना विल्सन यांचा लॅपटॉप पोलिसांनी २०१८ मध्ये जप्त केला. बचाव पक्षाच्या वतीने तपासणी करणाऱ्या अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं की नेटवायर नावाच्या प्रोग्रॅमने त्यात घुसून फायली पेरल्या होत्या. सरकारी प्रयोगशाळेच्या तपासणीत असा प्रोग्रॅम आढळला नाही, असं एनआयएचं म्हणणं. ती तपासणी डिस्कच्या नकलेची होती, आणि खरं-खोटं ठरवणं न्यायालयाचं काम, माझं नाही. पण ‘आढळलं नाही’ या शब्दांचा अर्थ काय? शोधूनही नव्हतं, की तिथपर्यंत पोचताच आलं नाही? माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात असतात तेव्हा या दोन वाक्यांतलं अंतर फार मोठं असतं.

आमच्याकडे यावर वाद होतो. एक सहकारी म्हणतो, "तपासनीस गोंधळतील, त्यांना स्वच्छ उत्तर हवं असतं." त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. ज्या टेबलावर शंभर मशीन्स तपासायची पडून आहेत तिथे दर चार ओळींना "वाचता आलं नाही" हे वाचायला कोण बसणार? माझा तोडगा साधा आहे. तपशील आत ठेवा, पण प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर इतकं छापाच, की इतकी पानं मागितली, इतकी मिळाली, इतकी मिळाली नाहीत. न्यायाधीशांना कोष्टकं कळायची गरज नाही, हा हिशोब त्यांना नक्की कळेल.

असो. तर मामा, काकू, मी हे करून राहिलो :) तुमचं मत जरूर लिहा, आणि ब्लॉगर मित्रांपैकी कुणी या क्षेत्रात असेल तर विरोधी बाजूही मांडा.