मोटारीची दुसरी टांकी

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं जी गोष्ट घडली, ती सांगूनच या महिन्याच्या विषयास प्रारंभ करणें बरें. चिपळूणच्या आमच्या आत्याबाईंना अकस्मात् रुग्णालयांत न्यावें लागल्याचा निरोप पहांटे पुण्यास आला. दुपारीं बारा वाजतां शस्त्रक्रिया व्हावयाची होती, आणि तत्पूर्वीं थोरल्या भाच्याला, म्हणजे आमच्या वडील बंधूंना, एकदां डोळ्यांनीं पाहावें अशी त्यांची इच्छा होती. घरच्या सात आसनांच्या डिझेल मोटारींतून आम्ही पांच माणसें तत्काळ निघालों. उंब्रजवरून पाटणपर्यंतचा प्रवास निर्विघ्न पार पडला. तेथें चहासाठीं म्हणून गाडी थांबविली, इंजिन बंद केलें, आणि दहा मिनिटांनीं पुन्हां सुरू करूं लागलों, तों तें मुळीं सुरूच होईना! टांकींत डिझेल अर्ध्याहून अधिक, बॅटरी नवी. पण समोरच्या पट्टीवर एकच सूचना झळकत होती, कीं धूर शुद्ध करणारा द्रव संपला असून तो भरल्यावांचून इंजिन सुरू होणार नाहीं.

दादांना पहिल्या एस. टी. ने पुढें धाडलें. पुतण्या एका भल्या गृहस्थांच्या दुचाकीवर मागें बसून महामार्गावरील पेट्रोलपंपापर्यंत गेला व दहा लिटरचा डबा घेऊन परतला. दादा शस्त्रक्रियेच्या अवघीं दहा मिनिटें आधीं पोहोंचले. आम्ही पोहोंचलों तेव्हां आत्याबाईंना आंत नेऊन बराच वेळ झाला होता. ईश्वरकृपेनें सर्व सुखरूप पार पडलें. परंतु पाटणच्या त्या हॉटेलाच्या बांकावर घालविलेला काळ आम्ही जन्मभर विसरणार नाहीं.

खरी लाजेची गोष्ट पुढेंच आहे. ती सूचना कांहीं त्या दिवशीं प्रथम दिसली नव्हती. जवळजवळ तीन आठवडे ती गाडींत रोज दिसत होती. दादांनीं ती पाहिली व धाकटे बंधु पाहतील असें समजले. धाकट्यांना वाटलें, पुतण्या मुलगा यंत्रज्ञ, त्याला ठाऊक असेलच. पुतण्यानें पाहिली आणि वडीलधाऱ्यांच्या गाडीविषयीं आपण कशाला बोला, म्हणून तो गप्प राहिला. आम्हींहि पाहिली होती, हें येथें कबूल केलें पाहिजे. एकत्र कुटुंबांत जी वस्तु सर्वांची, तिची काळजी कोणाचीच नसते. हा बारभाईचा कारभार ज्यांच्या घरीं असेल, त्यांच्यासाठींच हा लेख.

डिझेल इंजिनांत हवा अतिशय दाबली जाते व ज्वलन फार उष्ण होतें. त्या उष्णतेंत हवेंतील नायट्रोजन व प्राणवायु यांचा संयोग होऊन नायट्रोजनचीं ऑक्साइडें तयार होतात. श्वसनमार्गाला तीं अपायकारक, आणि उन्हांत त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन बनतो तो निराळाच. शिवाय काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात, ते फुप्फुसांत खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलच्या धुराची गणना कर्करोगास निश्चित कारणीभूत होणाऱ्या पदार्थांत केली. आपल्या देशांत १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज सहा' हे नियम सर्वत्र लागू झाले. तत्पूर्वीं डिझेल मोटारीला दर किलोमीटरमागें २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडें सोडण्याची मुभा होती. ती मर्यादा ८० वर आली. १ एप्रिल २०२३ पासून ही परीक्षा प्रयोगशाळेंतच न थांबतां प्रत्यक्ष रस्त्यावरहि पाहिली जाऊं लागली.

ही मर्यादा पाळण्याकरितां पुष्कळशा डिझेल गाड्यांत एक दुसरी टांकी बसविलेली असते. तिचें झाकण बहुधा निळें असतें. तींत 'डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड' भरतात. 'ॲडब्लू' हें त्याचें लोकांत रूढ झालेलें नांव वस्तुतः जर्मन मोटार-उद्योग संघटनेचें व्यापारचिन्ह आहे. हा द्रव म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया व उरलेलें क्षारविरहित पाणी. धुराच्या नळींत त्याचे तुषार उडतात, उष्णतेनें युरियापासून अमोनिया निर्माण होतो, आणि उत्प्रेरकाच्या जाळीवर तो अमोनिया त्या विषारी ऑक्साइडांशीं मिळून निरुपद्रवी नायट्रोजन व वाफ बनते. हवेंतून आलेलें पुन्हां हवेस दिलें जातें. एवढाच हा खटाटोप.

डबा घरीं आला तेव्हां मातोश्रींनीं तो देवघराजवळच्या फळीवर ठेवण्यास साफ नकार दिला. युरिया म्हणजे काय हें त्यांनीं नातवाकडून ऐकलें होतें! त्यांच्या समाधानासाठीं सांगावें लागलें, कीं १८२८ सालींच जर्मन रसायनज्ञ व्होलर यांनीं प्राण्याच्या शरीराची मदत न घेतां तो प्रयोगशाळेंत बनविला, आणि आज तो कारखान्यांत अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून होतो. तरीहि डबा शेवटीं जिन्याखालींच गेला, आणि तें योग्यच झालें. कारण त्याला सांवली व गारवा मानवतो. २५ अंश तपमानांत हा द्रव सुमारें दीड वर्ष टिकतो. ३५ अंशांत सहाच महिने. म्हणून वैशाखांत तो गाडीच्या डिकींत ठेवूं नये, आणि विकत घेतांना डब्यावरील तारीख व 'आय. एस. ओ. २२२४१' ही खूण अवश्य पाहावी.

पाटणास गाडी अडली असतां गांवाकडील चुलतबंधूंनीं दूरध्वनीवर एक तोडगा सुचविला: "खताचें पोतें घरांत आहे, दोन ओंजळी पाण्यांत विरघळवून ओता, काम भागेल." हेतु चांगला, पण हा उपाय घातक आहे. आपल्याकडील शेतीचा युरिया २०१५ पासून कडुनिंबाचें तेल लावूनच विकला जातो. शिवाय त्यांत बाययुरेट व इतर अशुद्ध द्रव्यें असतात. नळाच्या पाण्यांतील क्षार तर आहेतच. यांनीं उत्प्रेरकाचीं सूक्ष्म छिद्रें बुजतात व तुषार उडविणारी तोटी तुंबते. दोन ओंजळींच्या काटकसरीपायीं दुरुस्तीचा खर्च सोसावा लागतो. आणखीहि एक गोष्ट: तें खत सरकारी अनुदानानें शेतकऱ्याकरितां स्वस्त केलेलें असतें. तें मोटारींत ओतणें हा कायद्यानेंहि गुन्हा, आणि आमच्या मतें नीतीनेंहि.

आतां गृहस्थांनीं लक्षांत ठेवावयाच्या चार गोष्टी. पहिली: सूचना शेंकडों किलोमीटर आधीं येते. बहुतेक मोटारींत चालतें इंजिन मध्येंच बंद पडत नाहीं, पण टांकी रिकामी झाल्यावर एकदां बंद केलेलें इंजिन पुन्हां सुरू होऊं दिलें जात नाहीं. ही यंत्राची खोड नव्हे, नियमाची अट आहे. दुसरी: रिकामी टांकी वाटी-दोन वाट्यांनीं समाधान पावत नाहीं. गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलें किमान प्रमाण एकाच वेळीं भरावें, आणि किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करतां, यंत्रास नवी पातळी ओळखण्यास थोडा अवकाश द्यावा. तिसरी: हा द्रव चुकून डिझेलच्या टांकींत गेला, तर किल्ली फिरवूंच नये, गाडी ओढून नेवून टांकी धुववावी. इंजिन सुरू केल्यास सारी इंधनयंत्रणा नासते. चौथी: सांडलेला द्रव वाळला कीं पांढरे स्फटिक धरतात व कांहीं धातु गंजतात, तो तत्काळ साध्या पाण्यानें धुवावा. भरल्यावरहि दिवा गेला नाहीं, तर तोटीवरील स्फटिक, धुराची तपासणी करणारा संवेदक किंवा निकृष्ट द्रव, यांपैकीं कांहीं कारण असूं शकतें. अशा वेळीं कारखान्यांत यंत्र लावून दोषाचा संकेत वाचवून घ्यावा. नुसता दिवा पुसून घेणें म्हणजे ज्वर उतरावा म्हणून तापमापक फोडणें होय.

दुसरा विकार काजळीच्या गाळणीचा, आणि तो शहरी कुटुंबांत विशेष. ही गाळणी काजळी धरून ठेवते व पुरेशी तापली, म्हणजे सुमारें ६०० अंशांस, ती जाळून टाकते. परंतु आमची मोटार सकाळीं मुलांना दोन किलोमीटरवरील शाळेंत पोहोंचविते, दुपारीं मंडईंत जाते आणि संध्याकाळीं देवळांत. गाळणीस तापण्यास अवकाशच मिळत नाहीं. काजळी सांचते व दिवा लागतो. जाळण्याचें काम अर्धवट सोडून वारंवार इंजिन बंद केलें, तर जादा सोडलेलें डिझेल इंजिनच्या तेलांत उतरून तें पातळ होतें. यावर उपाय साधा आहे: पंधरा दिवसांतून एकदां तरी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास एकसारख्या वेगानें गाडी चालवावी, आणि तेल पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच घालावें. ज्या घराला गांवांतल्या गांवांतच फिरावयाचें आहे, त्यानें पुढची गाडी डिझेलची घ्यावी कीं काय, याचाच मुळांत विचार करावा.

शेवटीं एका मोहाविषयीं सांगितलें पाहिजे. आम्ही परत आल्यावर एका कारागिरानें आमच्या धाकट्या बंधूंना एकांतांत सुचविलें, कीं गाळणी काढून टाकूं, गणकयंत्रांतील आज्ञा बदलूं, मग ना द्रव, ना दिवा, ना कटकट. धूर तपासणीच्या दाखल्याचीहि अडचण नाहीं, असें तो वर म्हणाला. एका अर्थीं तो खोटें बोलत नव्हता; डिझेल गाडीच्या दाखल्यासाठीं धुराचा गडदपणा पाहतात, नायट्रोजनचीं ऑक्साइडें मोजीत नाहींत. धाकटे क्षणभर विचारांत पडले, हेंहि खरें.

त्या रात्रीं जेवतांना हा विषय निघाला. दादांनीं व्होक्सवागेनची हकीकत सांगितली. परीक्षेच्या वेळीं तेवढा धूर शुद्ध आणि रस्त्यावर मात्र मोकाट, अशी योजना त्या कारखान्यानें गाड्यांत केली होती. सप्टेंबर २०१५ मध्यें अमेरिकेंत ती उघडकीस आली, आणि जगभरांतील सुमारें १ कोटी १० लाख गाड्यांत तें यंत्र असल्याचें कारखान्यानेंच कबूल केलें. "तेवढ्या मोठ्या कारखान्यानें केलें तें पाप," दादा म्हणाले, "आणि आपण आपल्या अंगणांत केलें तर ती काय सोय?" कोणी उत्तर दिलें नाहीं. आमच्या धाकट्या पुतणीला दमा आहे. ती शाळेच्या फाटकाशीं रोज ज्या गाड्यांच्या मागें उभी राहते, त्यांतील एक आमचीच असते. मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असे फेरफार करूं देत नाहीं, हें पुतण्यानें सांगितलें खरें; पण निर्णय त्यापूर्वींच झाला होता. केर काढून शेजाऱ्याच्या दारांत लोटणाऱ्यास आपण स्वच्छ म्हणत नाहीं. धुराचा न्याय निराळा कां असावा?

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दिवाणखान्यांत किल्लीच्या खुंटीखालीं एक वही टांगली आहे. जो गाडी आणील त्यानें किलोमीटर, डिझेल, द्रव व दिसलेली सूचना तींत लिहावी, आणि दर एकादशीस ती वही पाहून योग्य तें करण्याचें काम पुतण्याचें, असा ठराव झाला. पहिल्या पानावर मातोश्रींच्या सांगण्यावरून एकच वाक्य लिहिलें आहे: 'पाहिलें त्यानें बोलावें.' आमच्या मतें हा नियम मोटारीपुरताच ठेवण्याचें कारण नाहीं.