नावेच्या तळातले पाणी

सोयगाव तालुक्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही सागरी व्यापाराची एक जुनी खूण याच तालुक्यात आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतील तीन डोलकाठ्यांचे जहाज चितारलेले आहे. हा पूर्ण शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. जहाजावर रांजण मांडलेले दिसतात. त्यांत पिण्याचे पाणी की विक्रीचा माल, हे चित्र सांगत नाही. व्यापाऱ्याच्या दृष्टीला मात्र तो मालच वाटणार.

अजिंठ्यातील चित्राच्या आधारे पाचव्या शतकातील पद्धतीचे एक जहाज अलीकडे प्रत्यक्षात उतरले. सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स यांच्यात जुलै 2023 मध्ये त्यासाठी करार झाला. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवण्यात आल्या. 21 मे 2025 रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ते नौदलात दाखल झाले, आणि 29 डिसेंबरला पोरबंदरहून निघून 14 जानेवारी 2026 रोजी केवळ शिडांच्या बळावर मस्कतला पोहोचले.

शिवलेल्या जहाजात पाणी थोडेफार झिरपणारच, हे बांधणारा आधीच गृहीत धरतो. फळ्या भिजून फुगल्या की सांधे घट्ट होतात, उरलेले पाणी उपसावे लागते. मार्को पोलोने होर्मुझच्या शिवलेल्या जहाजांना धोकादायक ठरवले, तरी याच बांधणीवर अरबी समुद्राचा व्यापार शतकानुशतके चालला. आजच्या फायबरच्या शिडाच्या होडीतही पाणी शिरते, ते पावसाचे, सुकाणूच्या दांड्याभोवतीचे किंवा सैल झालेल्या नळीचे. हे सारे तळाच्या पोकळीत साचते. या पोकळीला दर्यावर्दी ‘बिल्ज’ म्हणतात आणि तिथल्या पंपाला बिल्ज पंप. तळात हेलकावणारे पाणी कललेल्या होडीला आणखी कलवते, म्हणून ते वेळीच बाहेर काढणे अगत्याचे.

विहिरीवर मोटार बसवणाऱ्या शेतकऱ्याला यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. पंपावर लिहिलेली क्षमता पाणी मुळीच वर चढवायचे नसतानाची असते. उंची, नळीची वळणे आणि उतरलेली बॅटरी यांमुळे प्रत्यक्षात पाणी बरेच कमी निघते. नळी आतून गुळगुळीत असावी, पन्हाळी नळी प्रवाह अडवते. ती बाहेर पडते ते तोंड पाण्याच्या पातळीच्या वर हवे, आणि होडी वाऱ्याने एका अंगावर कलली तरी वरच राहावे. अन्यथा ज्या नळीने पाणी बाहेर जायचे, तिच्यातूनच समुद्र आत येतो. त्यासाठी नळीला उंच वळसा देऊन माथ्यावर हवेची झडप बसवतात. पंपाची तार फ्यूज लावून थेट बॅटरीला जोडावी, म्हणजे मुख्य बटण बंद करून मालक घरी गेला तरी पंप जागा राहतो. तारांचे जोड साचणाऱ्या पाण्याच्या वर ठेवावेत.

पंप आपोआप सुरू करतो तो तरंगता स्विच, गच्चीवरच्या टाकीत असतो तसाच. सोय मोठी, पण फसवी. पंप निमूटपणे चालत राहतो, तळ कोरडा दिसतो आणि गळती रोज वाढत असल्याचे कोणालाच कळत नाही. मग एके रात्री बॅटरी संपते आणि बंदरात बांधलेली होडी सकाळपर्यंत तळाला जाते. म्हणून जाणते लोक पंप किती वेळा सुरू झाला हे मोजणारा आकडा बसवतात आणि रोजमेळाप्रमाणे तो लिहून ठेवतात. कालच्या चारऐवजी आज नऊ नोंदले गेले, तर शोध आजच सुरू होतो. पहिली परीक्षा जिभेची. साचलेले पाणी खारट असेल तर समुद्र आत येत आहे. गोडे असेल तर पाऊस किंवा पिण्याच्या पाण्याची टाकी. तेलाचा तवंग दिसत असेल, तर ते पाणी जिभेला लावू नये आणि समुद्रातही सोडू नये.

आस्रव-संवराच्या विवेचनातील छिद्र पडलेल्या नावेचा दृष्टांत वाचकांच्या परिचयाचा आहे. होडीवरही क्रम तोच, आणि हिशेब त्याला साक्ष देतो. पाण्याखाली 60 सेंटिमीटरवर 5 सेंटिमीटर व्यासाचे छिद्र पडले, तर मिनिटाला सुमारे 240 लिटर पाणी आत येते. तासाला 2000 लिटरचा पंप पूर्ण क्षमतेने चालला तरी मिनिटाला 33 लिटरच काढणार. तेव्हा पंपाने मिळतो तो केवळ थोडा अवधी. छिद्र माणसालाच बुजवावे लागते.

देखभाल फार नाही, पण नियमित हवी. जाळीत केस, लाकडाचा भुसा आणि डब्यांवरून सुटलेली कागदी लेबले अडकतात, ती काढावीत. स्विच हाताने उचलून पंप सुरू होतो का ते पाहावे आणि नुसत्या आवाजावर समाधान न मानता तळात बादलीभर पाणी ओतून ते बाहेर पडताना पाहावे. विजेशिवाय चालणारा हातपंप सुकाणूपाशी बसल्या जागी चालवता आला पाहिजे, आणि त्याचा दांडा तिथेच दोरीने बांधलेला असावा. होडीच्या अंगाला जिथे जिथे नळीसाठी भोक पाडलेले असते, त्या प्रत्येक ठिकाणी त्याच मापाचे निमुळते, मऊ लाकडाचे बूच दोरीने टांगून ठेवतात.