रोबोटआधी ग्रॅम विचारा
साठी ओलांडलेला माणूस रात्री चार-चार वेळा लघवीला उठू लागला, की घरातले ‘वयोमानाने व्हायचेच’ म्हणून सोडून देतात. मग एक दिवस लघवी साफ तुंबते, मध्यरात्री कॅथेटर घालावा लागतो आणि ऑपरेशनचा निर्णय घाईघाईत होतो. अशा वेळी ‘रोबोटिक’ हा शब्द कानावर पडला की कुटुंबाला हायसे वाटते. या त्रासामागच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या साध्या, कॅन्सर नसलेल्या वाढीत रोबोटचा उपयोग आहे, पण मोजक्याच रुग्णांना. आपला रुग्ण त्या मोजक्यांत बसतो की नाही, हे ऑपरेशनआधीच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

रोबोटने नाव कमावले ते प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये. तिथे अख्खी ग्रंथी काढून मूत्राशय आणि मूत्रमार्ग ओटीपोटाच्या खोल, अरुंद जागेत पुन्हा शिवायचे असतात. मनगटासारखी वळणारी हत्यारे आणि मोठे करून दाखवणारी त्रिमितीय दृष्टी तिथे फार मोलाची ठरते. (हात सर्जनचेच असतात, यंत्र आपणहून काही कापत नाही.) साध्या वाढीत काम निराळे असते. बाहेरचे कवच तसेच ठेवून आतला वाढलेला गाभा, करवंटीतून खोबरे सोडवावे तसा, वेगळा करायचा. कवच मागे राहते म्हणूनच ऑपरेशननंतरही कॅन्सरचा माग घेणारी पीएसए ही रक्ततपासणी सोडून चालत नाही. पोट उघडून हा गाभा काढण्याची पद्धत शतकाहून जुनी आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी केलेले पीटर फ्रायर यांनी ती 1900 च्या सुमारास लंडनमध्ये रूढ केली. रोबोट तेच ऑपरेशन पोटावरच्या काही छोट्या छिद्रांतून करतो. वेळ जास्त लागतो, पण रक्त बरेच कमी जाते आणि रुग्ण लवकर घरी जातो. उघड्या ऑपरेशनपेक्षा ही सुधारणाच आहे.

पण तुलना उघड्या ऑपरेशनशीच का करायची? ग्रंथी साधारण 80 ग्रॅमपेक्षा लहान असेल तर मूत्रमार्गातून दुर्बीण घालून गाभा खरवडण्याची टीयूआरपी ही शस्त्रक्रिया बहुतेकांना पुरते. त्याहून मोठ्या ग्रंथीसाठी होल्मियम लेसर आहे. न्यूझीलंडच्या पीटर गिलिंग यांनी 1990 च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीत पोटावर एकही छेद नसतो. लेसरने सोडवलेला गाभा मूत्राशयात ढकलतात, तिथेच त्याचे बारीक तुकडे करतात आणि ते शोषून बाहेर काढतात. रोबोटशी तुलना केलेल्या अभ्यासांत लेसरनंतर कॅथेटर आणि रुग्णालयातला मुक्काम साधारणपणे कमी दिवसांचा आढळला आहे. अमेरिकन यूरोलॉजिकल असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वेही हा लेसर ग्रंथीच्या कोणत्याही आकाराला चालतो असे मानतात.

यावर यूरोलॉजिस्टांचा आक्षेप रास्त आहे: हा लेसर शिकायला कठीण आहे, पन्नासएक ऑपरेशने झाल्याशिवाय हात बसत नाही; कॅन्सरसाठी रोबोट वापरणाऱ्याला मात्र हे काम लवकर जमते. हे मान्य करायलाच हवे. निष्णात हातातला रोबोट नवशिक्या हातातल्या लेसरपेक्षा केव्हाही बरा. मूत्राशयात मोठे खडे असतील, त्याच्या भिंतीला पिशवीसारखा फुगवटा आला असेल किंवा खुब्याच्या दुखण्यामुळे लेसरसाठी लागते तसे पाय फाकवून झोपणेच शक्य नसेल, तर रोबोटची निवड योग्यच ठरते. पण ‘आमच्याकडे लेसर नाही’ हे कारण रुग्णालयाचे आहे, रुग्णाच्या शरीराचे नव्हे. ते तसेच सांगावे, म्हणजे ज्याला दुसरीकडे जायचे तो जाईल.

‘मेडिक्लेम आहे ना, मग काय!’ ही समजूतही तपासून घ्यावी. विमा नियामकाने 2019 मध्ये आधुनिक उपचारांची यादी काढली, तीत रोबोटिक शस्त्रक्रिया आणि प्रोस्टेटवरील होल्मियम लेसर दोन्ही आहेत. मात्र अशा उपचारांवर रकमेची मर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना आहे. रोबोटची हत्यारे ठरावीक वेळा वापरून टाकून द्यावी लागतात, तो खर्च बिलात येतो आणि मर्यादेवरची रक्कम कुटुंबाच्या खिशातून जाते. एसएसआय मंत्रासारख्या भारतीय यंत्रांमुळे हा बोजा उतरावा, ही अपेक्षा आहे.

तोवर संमतिपत्रावर सही घेण्याआधी चार गोष्टी मराठीत लिहून द्याव्यात: ग्रंथी किती ग्रॅमची आहे, लेसर का नको, या सर्जनने अशी किती ऑपरेशने केली आहेत आणि विमा किती देईल. शिवाय रोबोट असो वा लेसर, ऑपरेशननंतर बहुतेक पुरुषांचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते, हेही आधीच सांगायला हवे. जाहिरातीत ते नसते आणि संकोचापोटी रुग्ण विचारत नाही.