विकायलाच पाहिजे असं कोणी सांगितलं?



'सर, कोणता धंदा करू?' असं विचारणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात नवीन माल आणून विकणं एवढंच असतं. पण लोकांच्या घरात आता ठेवायला जागा नाही. लग्नात एकदा घातलेली शेरवानी कपाटात पडून आहे. वस्तू खराब झाली नाही, आपण कंटाळलो.

पूर्वी बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची, कल्हईवाला दारात यायचा. मग जुनं वापरणं कमीपणाचं झालं. आता पुन्हा हवा बदलतेय. भाड्याची शेरवानी घालायला नवरदेव लाजत नाही.

महाराष्ट्रात 2018 मध्ये थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली. तरी वाढदिवसानंतर कचऱ्याचा ढीग असतोच, कारण स्टीलची ताटं आणणार कोण आणि घासणार कोण? इथेच तुमचा धंदा आहे.

साधा हिशोब करू. समजा ताट-वाटी-पेल्याचा सेट 200 रुपयांना पडला. भाडं 10 रुपये, धुणं आणि वाहतूक 5 रुपये. 40 वेळा गेला की भांडवल वसूल. स्टील त्यानंतरही वर्षानुवर्षं चालतं.

पण ताट तेलकट निघालं, गाडी उशिरा पोचली, तर गिऱ्हाईक परत कागदी प्लेटच आणणार. पर्यावरणाच्या नावावर ढिसाळ सेवा कोणी खपवून घेत नाही.

या आठवड्यात जवळच्या पाच केटरर्सना भेटा. ताटांवर किती खर्च होतो, एवढंच विचारा. सुरुवात तिथून करा.