निवृत्तीनंतरची गाडी: मायलेज नंतर, आधी किलोमीटर मोजा



घरातला माणूस निवृत्त झाला की चार-सहा महिन्यांत गाडीचा विषय निघतोच. पीएफ आणि ग्रॅच्युइटीची रक्कम खात्यात आलेली असते, जुनी गाडी दहा-बारा वर्षांची झालेली असते, आणि मुलं फोनवर सांगत असतात, "आता तरी जरा मोठी घ्या." मग घरातले पुरुष मायलेजवर बोलू लागतात. ही वीस देते, ती बावीस देते, सीएनजी सत्तावीस देते. आणि आपण चहा ठेवायला आत जातो.

माझं म्हणणं असं आहे की या चर्चेची सुरुवातच उलटीकडून होते. गाडी एका लिटरला किती देते हे विचारण्याआधी, आपण वर्षाला किती फिरणार आहोत हे मोजायला हवं. आणि ते मोजायचं काम आपलं आहे, कारण घरातून कोण कधी कुठे जातं याचा हिशेब आपल्याच डोक्यात असतो.

आम्ही यंदा ते वहीत लिहून काढलं. खडकवासल्याहून धायरीला किराणा-भाजी, मंदिर, डॉक्टर, महिन्यातून दोनदा कोथरूडला लेकीकडे, एखादं लग्नकार्य. सगळं धरून महिन्याला चारशे किलोमीटर. वर्षातून दोनदा कुंभोजच्या बाहुबलीला आणि तिथूनच सांगलीला माहेरी, त्याचे हजार-अकराशे. म्हणजे वर्षाला सहा हजार किलोमीटर, फार नाही. ह्यांची नोकरी चालू होती तेव्हा गाडी याच्या अडीचपट पळत होती, आणि मायलेजची सवय तेव्हाची आहे.

आता सोपं गणित. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरा आणि आपल्या सिंहगड रोडवर गाडी खरोखर १५ देते असं धरा. सहा हजार किलोमीटरला ४०० लिटर, म्हणजे ४२,००० रुपये. दुसरी गाडी १८ देत असली तर ३५,००० रुपये. फरक वर्षाला सात हजारांचा, महिन्याला सहाशेच्या आतबाहेर. या सहाशे रुपयांसाठी घरात तीन महिने वाद चालतो, आणि नऊ लाखांची घ्यायची की चौदा लाखांची हे मात्र शोरूममध्ये अर्ध्या तासात ठरतं!

त्या पाच लाखांच्या फरकाकडे बघा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के व्याज मिळतं, दर तीन महिन्यांनी खात्यात जमा होतं. पाच लाखांवर वर्षाला ४१,००० रुपये. म्हणजे लहान गाडी घेऊन उरलेले पैसे तिथे ठेवले, तर आपलं वर्षभराचं पेट्रोल जवळजवळ व्याजातून निघतं. ह्यांना मी हा कागद दाखवला तेव्हा ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं, लहान बघू."

लहान म्हणजे किती लहान, हे सरकारनेच ठरवून दिल्यासारखं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्के जीएसटीत आली. आधी २८ टक्के आणि वर सेस होता. मोठ्या गाड्यांना आता ४० टक्के आहे. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, त्यावर गेली की जास्त. म्हणून टाटा पंच, ह्युंदाई एक्स्टर, मारुती फ्रॉन्क्स या रांगेतल्या गाड्या आपल्यासारख्यांना बऱ्या पडतात. आपल्या चाकणला बनणारी स्कोडा कायलॅक छान आहे, पण तिची वरची मॉडेल दहा लाखांच्या पुढे जातात.

आता कुणी विचारेल, एसयूव्हीच कशाला, साधी हॅचबॅक का नको? याचं उत्तर माहितीपत्रकात नाही, गुडघ्यात आहे. बुटक्या गाडीत आपण 'उतरतो' आणि बाहेर येताना दाराला धरून उठतो. साठीनंतर ते रोज जाणवतं. त्या मोठ्या उंच गाड्यांत साडी सावरत चढावं लागतं, सासूबाईंना तर पाटच ठेवावा लागेल. लहान एसयूव्हीची सीट साधारण आपल्या कमरेच्या उंचीला येते. वळून बसलं की झालं. पंचचे दरवाजे ९० अंशांत उघडतात, ही गोष्ट तरुण मुलांना फालतू वाटते, पण वाकर घेऊन चालणाऱ्या माणसाला विचारा. शोरूममध्ये जाताना पंजाबी ड्रेस घालून जाऊ नका. सहावारी नेसून जा, हातात पिशवी घ्या, मागच्या सीटवर चार वेळा बसा-उठा. आणि घरात सासूबाई असतील तर त्यांनाही न्या. शेवटी मागे बसणार त्याच.

डिकीबद्दल एक आपल्यापुरतं. माहितीपत्रकात डिकी लिटरमध्ये लिहिलेली असते. पंचची ३६६, एक्स्टरची ३९१, फ्रॉन्क्सची ३०८. मी लिटर बघत नाही, मी चौका बघते. महाराज किंवा माताजी जवळपास आले की आहाराला जायचं, मग पितळी भांडी, पाण्याचा हंडा, शेगडी, सोवळ्याच्या कपड्यांची पिशवी, आणि त्या पिशवीला दुसरं काही लागलेलं चालत नाही. आमचा हंडा आडवा न करता मावतो का, हे मी हंडा घेऊन जाऊन बघितलं. तिथला मुलगा हसला, पण त्याने डिकी उघडून दिली.

म्हणूनच सीएनजीबद्दल माझं मत थंड आहे. सीएनजी गाडीला साधारण ९० ते ९५ हजार जास्त पडतात. किलोला २४ किलोमीटर आणि ९२ रुपये भाव धरला तर सहा हजार किलोमीटरला २३,००० रुपये लागतील. वाचले १९,०००. म्हणजे जास्तीचे पैसे निघायलाच पाच वर्षं. तोवर पंपावरची रांग आपलीच. आता दोन लहान टाक्या खाली बसवून थोडी डिकी सोडतात, पंचला २१० लिटर राहते, पण आमचा हंडा काही त्यात बसत नाही. ज्यांच्या मिस्टरांनी निवृत्तीनंतर नवं काम धरलंय आणि रोज पन्नास-साठ किलोमीटर होतात, त्यांनी जरूर सीएनजी घ्यावी. डिझेल मात्र आपल्या वापराला नकोच. आताच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते, ती साफ व्हायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर जोरात पळावी लागते. मंदिर आणि भाजीमंडईच्या फेऱ्यांत ती तुंबते. इलेक्ट्रिकचं गणितही रोज खूप फिरणाऱ्यांनाच जमतं, शिवाय स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय हवी.

आणि ते माहितीपत्रकातलं मायलेज कुठून येतं माहीत आहे ना? ज्या एआरएआयचं नाव त्या आकड्यापुढे असतं, ती संस्था आपल्याच पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. तिथे गाडी प्रयोगशाळेत रुळांवर उभी करून ठरलेल्या वेगाने चालवतात. तिथे धरणाची चौपाटी नसते, रविवारी दुपारी कणसांच्या आणि कांदाभज्यांच्या गाड्यांसमोर आडव्या लावलेल्या दुचाक्या नसतात, (भज्यांचा आपल्याला तसाही उपयोग नाही,) डोणज्याच्या अलीकडची ती रांग नसते. आकडे खोटे नाहीत, दोन गाड्यांची तुलना करायला उपयोगी आहेत. पण घरखर्चाच्या वहीत त्यातले चार-पाच वजा करूनच लिहा. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने आणखी थोडं उतरतं.

मायलेजपेक्षा मी ज्यावर पैसे घालीन ते म्हणजे ऑटोमॅटिक. या गाड्यांत एएमटी नावाचा स्वस्तातला प्रकार मिळतो, साध्या गिअरपेक्षा पन्नास-साठ हजारांनी महाग. गिअर बदलताना किंचित डोकं हलतं, शर्यत लावायची असेल तर आवडणार नाही. पण क्लच नाही. डावा गुडघा मोकळा. एक्स्टरचं कागदावरचं मायलेज साध्या गिअरला १९.४ आणि एएमटीला १९.२ आहे, म्हणजे "ऑटोमॅटिक पेट्रोल पिते" हे या गाड्यांना लागू नाही. सिंहगडाच्या घाटात चढावर थांबून निघताना गाडी मागे सरकू नये म्हणून हिल होल्ड आहे का ते विचारा. आणि एअरबॅग किती, ते. एक्स्टरच्या सगळ्याच मॉडेलना सहा आहेत. पंचला २०२१ साली ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले होते. सनरूफच्या पैशांत यातलं काय येतं ते बघा. उन्हाळ्यात पुण्यात छप्पर उघडून बसणारा निवृत्त माणूस मी अजून पाहिलेला नाही.

शोरूममध्ये आणखी एक विचारायचं असतं, जे बाकीच्या गिऱ्हाइकांना सुचत नाही. स्टेअरिंगवर आणि सीटवर चामडं आहे का? वरच्या मॉडेलमध्ये 'लेदर रॅप्ड' लिहिलेलं असतं. कधी ते खरं चामडं असतं, कधी कृत्रिम, म्हणजे लेदरेट. "मॅडम, लेदर फिनिश आहे" हे उत्तर ऐकून घेऊ नका, कशाचं आहे ते लेखी मागा. चामड्याची पर्स वापरत नाही आणि रोज चामडं धरून गाडी चालवायची, हे मला पटणार नाही. खालच्या मॉडेलमध्ये बहुतेक वेळा साधं कापड आणि साधं स्टेअरिंग असतं, पैसेही वाचतात.

तिथेच विम्याचा कागद पुढे करतील. विमा बाहेरून घ्यायची मोकळीक आपल्याला असते. एका ठिकाणी आम्हाला सांगितलं की आमचाच घ्यावा लागेल. ह्यांनी "तसं लिहून द्या" म्हटल्यावर विषय संपला. 'हँडलिंग चार्जेस' नावाची ओळ दिसली तर ती खोडायला सांगा. फास्टॅगचा वार्षिक पासही लगेच घेऊ नका. तो वर्षाला २०० वेळा राष्ट्रीय महामार्गावरचे नाके ओलांडायला आहे. खेड-शिवापूर, आणेवाडी, तासवडे असे जाता-येता सहा नाके, वर्षाला दोन फेऱ्या, म्हणजे बारा वेळा. त्यात पासाचे पैसे वसूल होत नाहीत.

काही जणी म्हणतील, इतका विचार करायचा तर गाडी घ्यायचीच कशाला, परिग्रहच तो. प्रश्न रास्त आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण सांगताना भोजनाच्या पाठोपाठ वाहनाचंच नाव घेतलं आहे, आणि त्याची मर्यादा दिवस, पक्ष, महिना, ऋतू अशी काळ ठरवून घालायला सांगितली आहे. मी याचा अर्थ असा घेते की वाहन मोजून वापरायचं. महिन्याला दोनशे किलोमीटरही होत नसतील तर गाडी घेऊच नका. रिक्षा आहे, बस आहे, तीर्थाला जाताना चार जणींनी मिळून गाडी ठरवता येते. खडकवासल्याच्या मेट्रोला नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे. आज घेतलेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, तेवढ्यात तीही दारात येईल. आणि नवी घेतली तर जुनी विका. "राहू दे, लागेल कधी" म्हणून दोन गाड्या आणि एक स्कूटर पार्किंगमध्ये धूळ खात ठेवायच्या, हे मात्र मला सरळ परिग्रह वाटतं.

आमचा फिरण्याचा नियम आधीपासूनच सूर्यास्ताच्या आत घरी यायचा आहे, जेवणासाठी. त्यामुळे रात्रीचं चालवणं आपोआप टळतं. पावसाळ्यात धरणाच्या रस्त्याने संध्याकाळी आलात तर काचेवर किती जीव चिकटतात ते दिसतंच.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा. साठीला घेतलेली गाडी पंचाहत्तरीपर्यंत चालणार. त्या पंधरा वर्षांत कधीतरी ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होईल, कधी पाठ धरेल, कधी याहून मोठं काही. त्या दिवशी दवाखान्यात कोण नेणार? मुलगा परगावी, मुलगी ऑफिसात. पंचावन्ननंतर लायसन पाच-पाच वर्षांनीच नवं होतं, डॉक्टरांचा दाखला लागतो. म्हणजे एकाचं लायसन कधी अडेल सांगता येत नाही. ज्या घरात दोघांना चालवता येतं तिथे अडत नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्हला मागे बसू नका, पुढे बसा. तुमचे पाय पोचतात का, बॉनेटचं टोक दिसतं का, मागचा कॅमेरा कळतो का, ते तुम्ही ठरवा. तुम्हाला जमत नसलेली गाडी घरात आणायची नाही.

लायसन नसेल तर गाडी बुक करायच्या आधी लर्निंग काढा. ते सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. चाळिशीच्या पुढे असाल तर फॉर्म १-ए वर डॉक्टरांची सही लागते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, ते ती देऊ शकतात का. मोटार ट्रेनिंगवाल्याला ऑटोमॅटिक गाडीवर शिकवायला सांगा, नाहीतर तो सवयीने क्लचवर बसवतो. शिकायला सकाळी सातची वेळ बरी. एनडीएच्या बाजूचा रस्ता तेव्हा रिकामा असतो.