अर्थ कळला, तरी डिक्शनरी मिटू नका

ऑफिसचे मेल, प्रोजेक्ट रिपोर्ट किंवा पीएचडीचा प्रबंध तुम्ही इंग्रजीत लिहीत असाल, तर हे तुमच्यासाठी आहे. वाचलेलं जवळजवळ सगळं समजतं, पण स्वतः चार ओळी लिहायला बसलं की हात थबकतो. इथे ‘ऑन’ येईल की ‘अबाउट’? हा शब्द वरिष्ठांना पाठवायच्या पत्रात शोभेल का? अशा वेळी इंग्रजी-मराठी कोश किंवा मोबाइलवरचं भाषांतर फारसं कामाला येत नाही, कारण अर्थ तर तुम्हाला आधीच ठाऊक असतो. आता गरज आहे ती लर्नर्स डिक्शनरीची.

ही डिक्शनरी मुळात आपल्यासारख्यांसाठीच, म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी तयार झाली. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. विद्यार्थी नेमके कुठे अडतात हे वर्षानुवर्षं पाहून त्यांनी दोन सहकाऱ्यांसह कोश रचला. तो १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. आजची ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ ही त्याचीच पुढची आवृत्ती. क्रियापदामागून वाक्यात काय येतं आणि काय येत नाही, यावर हॉर्नबींचा सगळा भर होता. १९७८ मध्ये लाँगमन या प्रकाशनसंस्थेने सुमारे २००० सोप्या शब्दांतच व्याख्या द्यायचं ठरवलं. एक शब्द बघायला जावं आणि व्याख्येत त्याहून अवघड शब्द भेटावा, ही तऱ्हा त्यामुळे संपली. १९८७ मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने ‘कोबिल्ड’ ही डिक्शनरी आणली. पुस्तकांतली, वर्तमानपत्रांतली, बोलण्यातली इंग्रजी कॉम्प्युटरवर गोळा करून, लोक खरोखर काय लिहितात-बोलतात ते तपासून ती केलेली होती.

एवढी मेहनत ज्या नोंदींमागे आहे, त्यांतली पहिली ओळ वाचून आपण डिक्शनरी बंद करतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘एव्हिडन्स’ हा शब्द घ्या. अर्थ पुरावा, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. पण आपल्याकडे एक पुरावा, दोन पुरावे, म्हणून प्रबंधात सर्रास ‘एव्हिडन्सेस’ लिहिलं जातं. लर्नर्स डिक्शनरी उघडली, तर शब्दाशेजारीच ‘अनकाउंटेबल’ अशी खूण दिसते. खालच्या उदाहरणांत ‘अ पीस ऑफ एव्हिडन्स’ सापडतं, म्हणजे एकच पुरावा म्हणायचा असेल तर काय लिहायचं तेही कळलं. पुरावा भक्कम असेल तर ‘स्ट्राँग’, निर्णायक असेल तर ‘कन्क्लुझिव्ह’. गोळा करायचा तर ‘गॅदर’. पुढे ‘ऑफ’, ‘फॉर’ आणि ‘दॅट’ कसे जोडायचे, त्याचेही नमुने असतात. एवढी एक नोंद नीट वाचली, तर प्रबंधातली कितीतरी वाक्यं सुधारतील.

तसंच ‘सजेस्ट’. ‘प्लीज सजेस्ट मी अ गुड बुक’ हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. या क्रियापदाचे दिलेले नमुने बघा. ‘सजेस्ट समथिंग टू समबडी’ आहे, ‘सजेस्ट डूइंग’ आहे, ‘सजेस्ट दॅट’ आहे. पण सजेस्टला लगेच माणूस चिकटलेला नमुना नाही. ‘डिस्कस अबाउट’चंही तेच: ‘डिस्कस’च्या नोंदीत ‘अबाउट’ जोडलेला नमुना नाही.

बोलताना आघाताकडे लक्ष द्या. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर पडतो. उच्चाराच्या खुणांत जोराच्या अवयवाआधी वर एक छोटी उभी रेघ असते. आता तर वेबसाइटवर स्पीकरचं चिन्ह दाबलं की ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकू येतात. ‘फॉर्मल’, ‘इन्फॉर्मल’, ‘ओल्ड-फॅशन्ड’ या शिक्क्यांनाही महत्त्व द्या. अर्जात कोणता शब्द चालेल आणि मित्राच्या चॅटमध्ये कोणता, हे त्यांवरूनच कळतं.

यासाठी खर्च करायलाच हवा असं नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांच्या लर्नर्स डिक्शनऱ्या इंटरनेटवर मोफत आहेत. स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांनी मात्र जमलं तर छापील प्रत जवळ ठेवावी. मोबाइल हातात घेतला की अभ्यास बाजूलाच राहतो. आणि शिक्षकांनो, शब्दांच्या याद्या पाठ करून घेण्याऐवजी एखाद्या तासाला एकच नोंद फळ्यावर पूर्ण उलगडून दाखवा.

अवघड शब्द शोधायची तर सवय असतेच. उद्यापासून सोपे शब्द शोधा: ‘मेक’, ‘डू’, ‘इश्यू’, ‘कन्सर्न’, ‘अप्रोच’. महत्त्वाचा मेल पाठवण्याआधी त्यातली दोन-तीन क्रियापदं डिक्शनरीत बघा आणि त्यांच्यापुढे तुम्ही लिहिलेलं तिथल्या नमुन्यांशी जुळतंय का, तपासा. जुळत नसेल तर तिथलं उदाहरण वहीत पूर्ण वाक्यासकट उतरवून घ्या.